रोहिड्याच्या बनातून परत येताना

त्या दिवशी वारा नव्हता. फाल्गुनात आमच्या वाळवंटात असं होत नाही. होळीच्या तोंडावर सकाळचा गारठा नि दुपारचं ऊन एकमेकांना ढकलत असतात, आणि मधल्या मधे वाळू उडते. त्या दिवशी आभाळ ताकासारखं फिकट होतं, आणि टेकाडावरून कालचा किडा गेल्याचा मागसुद्धा जसाच्या तसा होता.

जोधपूरचं जोडपं आलं होतं. सोबत पाच वर्षांची कोयल. रोहिडा फुललेला बघायचा होता त्यांना. या दिवसांत झाडावर नुसती केशरी फुलंच दिसतात. मायलेकींना उंटिणीवर बसवून मी दोर धरून चाललो. बाप मागून फोटो काढत येत होता.

"बाबूजी," मी म्हटलं, "सगळी फुलं फोनमध्ये भरून नेऊ नका, आमच्या शेळ्यांना दोन ठेवा."

तो हसला.

बनापलीकडे एक पडकी वस्ती आहे. दुष्काळात तिथली घरं एकेक करून उठली. शेवटी राहिलेली बाई पाणी शोधायला निघाली, ती परतलीच नाही. आम्ही तिकडे शेळ्या नेत नाही, एवढंच.

झाडाखाली बाजरीची भाकर सोडली आणि बघतो तर कोयल नाही. आई हाका मारत सुटली. त्या मुक्या हवेत हाक जवळच पडत होती. बाप भलतीकडे धावला. त्याला धरून आणलं, दोघांना बसवलं. म्हटलं, तुमच्या पायांनी माग मोडेल, आणि पोर आपणहून आलं तर इथं कुणी हवं. खरं ते बोललो नाही. त्या उन्हात पाण्यावाचून एवढंसं लेकरू फार टिकत नाही.

उंटीण घेऊन निघालो. लहान बुटांचा माग वस्तीकडे चालला होता. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी दुसरा माग लागला. बाईमाणसाचा, अनवाणी. कुठून आला ते दिसेना... तिथूनच सुरू होत होता.

पुढं बुटांचा माग संपला. अनवाणी पाऊल मात्र तिथून खोल रुतत गेलं होतं. लेकराला कुणीतरी कडेवर घेतलं होतं.

मग वास आला... भरल्या मडक्याचा, ओल्या मातीचा. आणि तिथली विहीर तर कधीचीच वाळूनं भरलेली.

पडक्या भिंतीच्या सावलीत कोयल झोपली होती. ओठ ओले. तो माग तिच्यापाशी येऊन थांबला होता. पुढं गेला नाही... मागंही वळला नाही.

लेकराला उचलून मी निघालोच होतो. पण रीत सुटते का? आपला पाहुणा ज्याच्या हातचं पाणी प्याला, त्याला घरी बोलावल्याशिवाय आमच्यात निघत नाहीत. रिकाम्या भिंतीकडं बघून मी हळूच म्हणालो, "बाई, लेकरू राखलंस. आमच्याकडेही ये. घर तुझंच आहे."

कोयलला उंटिणीवर बसवलं आणि दोर धरून पायी परतलो. वाटेत खांदे भरून आले. म्हटलं, वय झालं.

आईनं पोरीला छातीशी धरलं ते सोडेचना. पोरगी मात्र माझ्याकडे बघत विचारत होती, पाणी देणारी मावशी कुठं उतरणार. ऊन लागलंय तिला, बाप म्हणाला. त्यांना गाडीपाशी पोचवून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा जुसब पगी आला. हरवलेली जनावरं मागावरून शोधून देणारा माणूस. कालची हकीकत त्याच्या कानावर गेली होती, म्हणून उजाडताच वस्तीपर्यंत जाऊन आला होता. चहा पुढं केला, त्यानं घेतला नाही. आत सून तान्ह्याला झोका देत होती. तिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला.

"पेमा, जाताना तुझं पाऊल हलकं आहे, येताना जड. पोर तर उंटिणीवर होती ना...? आणि तुझ्या उंबऱ्यापाशी ते पुन्हा हलकं झालंय."