तीर्थातली कचकच

"ठेव तो दगड खाली! आधी खाली ठेव!"

अध्यक्ष मार्तंड वकिलांचा आवाज वाचनालयाच्या हॉलभर घुमला. सुट्टीतल्या छंद-प्रदर्शनासाठी टेबलांवर पोस्टाची तिकिटं आणि काड्यापेट्यांचे छाप मांडणारी मुलं जागच्या जागी थबकली. सोनूनं दगड खाली ठेवला नाही. का ठेवावा? तिचाच होता तो!

"हा ट्रायलोबाइट, हा दगड झालेला जीव, माझा आहे," वकील म्हणाले. "होळीपासून माझ्या घरच्या कपाटातून गायब झालाय. आणि होळीच्याच सुमारास ही मुलगी माझ्या घरी आली होती!"

"माझा दगड तुम्हाला दाखवायला आलते मी!" सोनू ओरडली. "तुम्ही पेपर वाचत होता. मान वर करून बघितलं पण न्हाई!"

"उलट बोलू नकोस! आपल्याकडे सगळा काळा दगड. त्यात असला जीव सापडणं शक्यच नाही. मग हा तुझ्याकडे आला कुठून? तुमच्या घरात असली वस्तू येणार कुठून?"

सोनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'तुमच्या घरात' म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं होतं. पण तिनं तोंड उघडायच्या आत वकिलांनी तिच्या हातातून दगड हिसकावला, वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"रविवारी बक्षीस समारंभात हा माझ्या नावानं मांडला जाईल. आणि सुट्टी संपली की तुझ्या शाळेतही मी कळवणार आहे, समजलं?"

"चोर!" मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि दोघंतिघं हसली.

आता हा दगड कुठला, ते आधी ऐका. सोनूचे वडील, सिद्राम अण्णा, रस्ते बांधणाऱ्या खात्यात ओव्हरसियर होते. तिकडे दूर हिमाचलात, स्पितीच्या खोऱ्यात. एका वळणावर फोडलेल्या खडकाच्या ढिगात त्यांना हा राखाडी तुकडा दिसला, आणि दिवाळीच्या रजेवर येताना त्यांनी तो लेकीसाठी आणला. तेव्हा त्यात नखाएवढी एक वळणदार रेघ तेवढी दिसत होती. बाकी सगळा जीव दगडात गाडलेला! पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारा, पाठीवर उभे तीन भाग असलेला जीव. सोनूनं रफूची सुई बांबूच्या काडीत बसवली, भिंग घेतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला, आणि शाळा सुटली की रोज बसून त्याच्या अंगावरचा दगड कणाकणानं उकरला. डोळे मोकळे झाले, बरगड्यांसारख्या वळ्या मोकळ्या झाल्या, शेपटीचा केसाएवढा काटासुद्धा न मोडता मोकळा झाला. आणि आता म्हणे तो वकिलांचा!

वाचनालयाच्या मागच्या कट्ट्यावर सोनू बसली होती. तिला रडू येत होतं आणि त्या रडूचाच राग येत होता. शेजारी गुंडू. गुंडू म्हणजे तिच्याच हिंडलग्याच्या गल्लीतला, वयानं लहान आणि तोंडानं मोठा. अर्धं लिंबू मीठ लावून चोखत तो म्हणाला, "सोने, त्या वकिलाच्या सायकलची हवा सोडू काय? दोन्ही चाकांची!"

"त्यांच्याकडं सायकल न्हाई रं."

"मग कुणाचीबी सोडतो!"

"ए, चोरांनो!"

दोघांनी वर बघितलं. समोर श्रीपाद उभा होता. वकिलांचा पुतण्या. निपाणीहून सुट्टीला आलेला, नवी कोरी चड्डी आणि तेल लावून चापून बसवलेले केस.

"काय म्हणालास?" गुंडू उठलाच.

"चोर म्हणालो. काकांचा दगड घासूनपुसून चकाचक केला म्हणून काय तुमचा होतो व्हय?"

"घासून?" सोनू उसळून उभी राहिली. "अरे शहाण्या, घासला तर मरतो तो! चुनखडीचा दगड हाय. आंबट लागलं तरी खलास! हे बघ!"

तिनं फ्रॉकच्या खिशातून एक कपची काढली. तिच्याच दगडाची, उकरताना निघालेली. गुंडूच्या हातातलं लिंबू ओढून घेऊन तिनं ते कपचीवर पिळलं.

"ए, माझं लिंबू!"

पण पुढचं गुंडू विसरलाच. कपचीवर फसफस फेस आला! बारीक बुडबुडे उठले, फुटले, आणि खाली मऊ राखाडी गाळ उरला. सोनूनं तो बोटावर घेऊन श्रीपादच्या नाकापुढे धरला. "आता घास म्हणं! असलं काम मी कधी करीन?"

श्रीपाद त्या बोटाकडे बघतच राहिला. मग त्यानं तो गाळ चिमटीत धरून चोळला. मग, अगदी खरं सांगतो, जिभेवर ठेवला!

"ई! दगड खाल्ला ह्यानं!" गुंडू किंचाळला.

"अशीच लागते," श्रीपाद पुटपुटला.

"काय लागते?"

"कचकच. काकूच्या तीर्थात! रोज सकाळी काकू देवांना दूधदह्यानं अंघोळ घालते आणि ते तीर्थ आम्हाला देते. मी आल्यापासून बघतोय, वाटीच्या तळाशी असाच राखाडी गाळ असतो. मी विचारलं तर म्हणाली, गप पी."

तिघंही एकमेकांकडे बघू लागली. पितळेच्या देवांतून कधी गाळ निघतो का?

"श्रीपाद," सोनू सावकाश म्हणाली, "तुझ्या काकूच्या देव्हाऱ्यात चुनखडीचा दगड हाय."

संध्याकाळी ही हकिकत ऐकून सोनूची आई खूश झाली असेल, असं वाटतं ना? छे! यल्लव्वाबाई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होत्या. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते.

"जाऊ दे तो दगड," त्या म्हणाल्या. "बाबा दुसरा आणतील. त्या लोकांच्या दाराशी जायचं न्हाई. आपण खरं बोललो तरी पटायचं न्हाई त्यांना."

"दगड जाऊ दे, आई. पण चोर म्हणाले ते? ते कुठं जाणार?"

 आईनं सोनूच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तोंड फिरवलं. त्या रात्री सोनूनं ठरवून टाकलं. दगड परत मिळाला नाही तरी चालेल, पण तो शब्द वकिलांनी स्वतःच्या तोंडानं परत घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद टिळकवाडीहून हिंडलग्यापर्यंत भाड्याची सायकल हाणत आला. घामाघूम!

"हाय! देव्हाऱ्यात हाय! बाळकृष्णाच्या मागं, फुलांच्या खाली! अंगठ्याएवढं कासव, कुंकू लावलेलं. मी म्हटलं, काकू, हे काय गं? तर म्हणाली, कूर्मावतार! तुझ्या काकांच्या कपाटात पडला होता, आणि कपाटाच्या खालच्या फळीवर चपला! पन्नास कोटी वर्षांचं म्हणतात आणि चपलांच्या वर ठेवतात, शोभतं का? म्हणून तिनं उचलून देवांत ठेवला. अक्षय तृतीयेला चिंच लावून देवांबरोबर लख्ख घासलासुद्धा!"

"चिंच!" सोनूनं कपाळावर हात मारला. "अरे देवा, मेला बिचारा!"

"मग काकांना का न्हाई सांगितलंस?" गुंडू म्हणाला.

"सांगितलं की! काका पेपर वाचत होते. 'हं' म्हणाले. काकूनंही उचलताना विचारलंतं त्यांना. तेव्हाबी 'हं'च म्हणाले होते!"

"मग काकूलाच सांगू. ती दगड त्यांच्या हातात देईल. काम खल्लास!"

"न्हाई," सोनू म्हणाली. "मग ते गुपचूप कपाटात ठेवतील, आणि मी चोरची चोरच राहीन. चारचौघांत झालं पायजे. श्रीपाद, तुझे काका पेपर न वाचता कधी तीर्थ पितात?"

"कधीच न्हाई. पेपरामागूनच हात पुढं करतात आणि गटकन पितात."

"मग उद्या पेपरच नको!"

श्रीपादचे डोळे चमकले. "उद्या समारंभाआधी वाचनालयाची मंडळी आमच्याकडं चहाला येणार हायत! हेडबाईसुद्धा!"

रविवारी सकाळी वकिलांच्या व्हरांड्यात वाचनालयाचे सेक्रेटरी यल्लाप्पा गुरुजी आणि मुलींच्या शाळेच्या हेडबाई खुर्च्यांवर बसले होते. वकील खुर्चीच्या खाली, उशीच्या मागे, सगळीकडे शोधत होते.

"पेपर कुठं गेला? श्रीपाद! पेपर!"

"आला न्हाई वाटतं, काका," श्रीपाद म्हणाला. पेपर त्याच्याच सदऱ्याच्या आत, पोटाशी होता. त्यामुळे तो पाठीत काठी घातल्यासारखा ताठ उभा होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. सोनू आणि गुंडू आत आले.

"तू!" वकील कडाडले. "इथवर यायची हिंमत झाली तुझी? गुरुजी, हीच ती. आज दगड घेतला, उद्या आणखी काही घेईल. ही मुलं अशीच असतात!"

"मी दगड मागायला आले न्हाई," सोनू म्हणाली.  "तुमचा दगड कुठं हाय, ते विचारायला आले."

"निर्लज्ज! चल, चालती हो!"

"अहो, सकाळी सकाळी केवढ्यानं ओरडताय!" आतून वासंतीकाकू तीर्थाची वाटी घेऊन आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. वकील घरात काही सांगत असतील तर ना! त्यांनी हेडबाईंना तीर्थ दिलं, गुरुजींना दिलं, फाटकाजवळच्या दोन्ही मुलांना हाक मारून दिलं, आणि शेवटी वकिलांना. पेपर नव्हता. सगळे आपल्याकडेच बघताहेत, म्हणून वकिलांनी आज सावकाश, डोळे मिटून तीर्थ घेतलं.

कच्च!

वकिलांनी डोळे उघडले. जीभ फिरवली. पुन्हा कच्च!

"वासंती, हे काय आहे? तीर्थात वाळू?"

"वाळू कसली मेली! तुमच्या कासवाचीच माती असेल. चिंचेनं घासल्यापासून जरा सुटतेय खरी."

"माझं कासव? कसलं कासव?"

"काचेच्या कपाटातलं! चपलांच्या वर होतं ते. तुम्हाला विचारूनच देवांत ठेवलं की. 'हं' म्हणालात!"

 हेडबाईंनी वकिलांकडे बघितलं. गुरुजींनी कप खाली ठेवला.

काकूंनी आतून तामण आणलं. त्यात फुलांमध्ये एक राखाडी दगड. डोळे गेलेले, वळ्या गेलेल्या, सगळा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. पण खालच्या कडेला, जिथं घासणारं बोट पोचलं नव्हतं, तिथं तीन बरगड्या अजून दिसत होत्या. वकिलांनी तो हातात घेतला. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आता कळलं," गुंडू मोठ्यानं म्हणाला, "दगड पळाला न्हवता. देवाला गेलता!"

"सुम्म बस रे! गप!" वकील खेकसले. मग खाकरले, आणि सोनूकडे न बघताच म्हणाले, "ठीक आहे. गैरसमज झाला. संध्याकाळी वाचनालयाच्या कपाटातून तुझा दगड घेऊन जा. विषय संपला."

"न्हाई संपला," सोनू म्हणाली. "तुम्ही मला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोरच सांगा."

"एवढीशी पोरगी मला अटी घालणार?"

"ती न्हाई, मी घालते," वासंतीकाकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "लेकराला चोर म्हणालात? आणि घरात एका शब्दानं विचारलं नाहीत? तुम्ही सांगणार नसाल, तर स्टेजवर मी चढते!"

संध्याकाळी हॉल गच्च भरला. शेवटच्या ओळीत यल्लव्वाबाई बसल्या होत्या, हॉस्पिटलातून तशाच आलेल्या, पांढऱ्या साडीत. हेडबाईंनी त्यांना मुद्दाम निरोप धाडला होता. त्यांना इथं यायचं नव्हतं. मान खाली घालून त्या पदराचं टोक पिळत होत्या.

वकील स्टेजवर उभे राहिले. पायाशी बघत, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. "...अनवधानाने... त्या मुलीबाबत... असो."

"ऐकू आलं न्हाई!" मागून गुंडू ओरडला.

लोक वळून बघू लागले. वकिलांनी डोळे वटारले. पण यल्लाप्पा गुरुजी शांतपणे उठले आणि म्हणाले, "खरंच ऐकू आलं नाही, वकीलसाहेब. चोर म्हणालात ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं होतं."

वकिलांनी घाम पुसला. मग त्यांनी मान वर केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सोनूकडे नीट बघितलं.

"हा दगड माझा नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तो सोनूबाई सिद्राम कोलकार हिचा आहे. तिच्या वडिलांनी आणलेला, तिनं स्वतःच्या हातानं मोकळा केलेला. तिनं चोरी केलेली नाही. माझा दगड माझ्याच घरात होता. चूक माझी आहे."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडबाई म्हणाल्या, "असं काम तर मी कॉलेजातही बघितलं नव्हतं! या काट्याला हात लावायलासुद्धा मी धजणार नाही." गुरुजींनी सोनूची पाठ थोपटली. सोनूनं मात्र आधी दगड हातात घेतला, भिंग लावून शेपटीचा काटा मोडलाय का ते बघितलं, आणि मगच ती हसली.

शेवटच्या ओळीत यल्लव्वाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "कुणाची हो मुलगी?"

"माझी," त्या म्हणाल्या. आणि मग जरा मोठ्यानं, "माझी हाय ती!"