चौथं ताट

बसवंत दर रविवारी अकरा वाजता शिवाजीनगरच्या स्टँडवरून हेब्बाळची बस धरायचा. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, गाव निपाणीकडचं, पोटापाण्यासाठी या कानडी शहरात आलेला, वय पन्नाशीच्या पुढे, डोक्याला टक्कल, लग्न राहून गेलेलं. तीन वर्षांपूर्वी संताजीच्या घरी मशीन बघायला गेला. अडलेलं मशीन धावायला लागलं तशी संताजीची बायको रंजिता त्याला म्हणाली, आता जेवूनच जा. तेव्हापासून त्या घरी रविवारी चार ताटं मांडली जायची. नवराबायकोची दोन, त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीचं, पुट्टीचं एक, आणि चौथं बसवंत अण्णाचं.

त्या जोडप्याकडे नुसतं बघत राहावं असं वाटे. संताजी आपल्या ताटातलं नळीचं हाड उचलून न बोलता बायकोच्या ताटात ठेवायचा, आणि ती न बघता ते उचलायची. एवढं बघायला मिळालं की बसवंतचे पुढचे सहा दिवस निघायचे. रविवारी काय सांगायचं ते तो खोलीत एकटाच मोठ्यानं बोलून बघायचा. कुठं थांबायचं, कुठं पुट्टी हसेल, सगळं ठरवून.

गेल्या फेब्रुवारीत त्याला ताप भरला. रविवारी उठवेना. फोन बंद पडलेला, चार्जरपर्यंत हात जाईना. दुपारभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आता भात वाढला असेल. आता संताजीनं हाड उचललं असेल. मी तिथं पाहिजे, मी तिथं पाहिजे, असं तो इतक्या वेळा पुटपुटला, की शेवटी नुसते ओठच हलत राहिले.

सोमवारी बरं वाटल्यावर त्यानं माफी मागायला फोन केला. रंजिता हसली.

"अण्णा, काल पोटभर जेवलात की."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. पण ती सांगतच गेली. दोनदा भात घेतलात, पुट्टीची वेणी घातलीत, किती मोकळं बोलत होतात, एरवी स्वल्प अवघडूनच बसता. बसवंत नुसता "सरी, सरी" म्हणत हो ला हो करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्या घरात आपण एवढे आवडलो, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी तो अर्धा तास आधीच निघाला. ऊन मी म्हणत होतं. तीन मजले चढताना मटणाच्या सारूचा ओळखीचा वास आला, आणि त्यात मिसळलेला दुसराही एक... तळ्यातला गाळ उपसल्यावर येतो तसा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणीतरी बोलत होतं.

आवाज त्याचाच होता.

त्याच्या आईच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट चालली होती. बसवंतनं ती त्याच आठवड्यात खोलीत बोलून बघितली होती, जगात कुणालाच सांगितली नव्हती. जिथं तो दर वेळी अडायचा, तिथं हा आवाज अडला नाही. नेमका हवा तेवढाच थांबला. आत रंजितानं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

बसवंतनं घंटी दाबली. संताजी दारात आला आणि त्याच्याकडे नीट बघत म्हणाला, "यारु बेकु?"

कोण पाहिजे. त्या घरात कानडी बोलायची ती दारातल्या परक्यांशी, कुरिअरवाल्याशी, मीटर बघायला येणाऱ्याशी. उंबऱ्याच्या आत मराठी.

"संताजी... मी बसवंत."

संताजीला राग आला नाही, कीव आली. त्यानं मान वळवून आत विचारलं, अण्णा, हा तुमचं नाव सांगतोय, ओळखता का. आतून उत्तर आलं, तोंडात घास असल्यासारखं.

"एकटा असेल बिचारा. खायला द्या काहीतरी... आत नका घेऊ."

दार बंद झालं. कडी लागली.

बसवंत खाली येऊन गेटजवळच्या कट्ट्यावर बसला. थोड्या वेळानं पुट्टी कागदी ताटलीत भात घेऊन खाली आली. इकडे तिकडे बघून ती हळूच म्हणाली, "तू खरा मामा आहेस. मला माहीत आहे."

त्याला वाटलं, या पोरीच्या पायावर डोकं ठेवावं.

"मग आईला सांग ना, बाळ. आत्ताच चल."

पुट्टीनं जरा विचार केला. "नको. तू बोलतोस तेव्हा थुंकी उडते. तो आम्हाला जास्त आवडतो."

ताटली कट्ट्यावर ठेवून ती जिन्याकडे पळाली. तिच्या चपला फटफट वाजत वर जाऊ लागल्या.

बसवंतनं मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सगळे येऊन उभे होते. संताजी, रंजिता, त्यांच्या मागे एक ओळखीचं टक्कल... आणि नवराबायकोच्या मधोमध, कठड्यावर हनुवटी टेकवून, पुट्टी. रंजिताचा हात तिच्या केसांतून फिरत होता. ती खाली बघून हसत होती.

जिन्यात चपला अजून वाजतच होत्या. आता कुठे पहिला मजला झाला असेल.

एक हाक मारली असती तर पोर थांबली असती. बसवंतनं तोंड उघडलं... आणि मिटलं. ताटली मांडीवर घेऊन तो सावकाश भात कालवू लागला.

वर घंटी वाजली. गॅलरीतलं कुणीही वळलं नाही.