नाव नसलेले चारशे बारा

मुरोरानच्या स्टेशनकडून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं केशकर्तनालय आहे. खुर्च्या दोन. एकीवर वडील काम करायचे. ते गेल्यापासून दोन्हींवर मीच. आधी तोंडावर गरम टॉवेल, मग साबणाचा फेस, मग वस्तरा. अर्ध्या गावाचे गळे मी इतक्या जवळून पाहिले आहेत, आणि वीस वर्षं प्रत्येक गळ्यापाशी एकच प्रश्न मनात यायचा. त्यांच्यात तू होतास का?

माझा धाकटा भाऊ रेइजी वरच्या खोलीत संगणकावर बसलेला असायचा. १९९८ साली त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. ज्याचं इंटरनेटवर स्वतःचं पान असेल त्याला तिथे निरोपांचा फळा टांगता येईल, येणारा-जाणारा त्यावर लिहील, असा. परदेशी प्रोग्रॅममध्ये आमची अक्षरं फुटायची, शब्दाच्या जागी नुसता कचरा दिसायचा. रेइजीच्या फळ्यावर एक अक्षर फुटत नसे. त्यानं तो फुकट वाटून टाकला. विणकाम करणाऱ्या बायकांनी लावला, रेल्वेवेड्यांनी लावला, मांजरं पाळणाऱ्यांनी लावला. त्याच्या स्वतःच्या पानावर अडचणी विचारायला एक मदतफळा होता. तिथे नाव लिहायची सक्ती नव्हती. चौकट रिकामी सोडली की 'नाव नाही' असं उमटायचं.

"लाजऱ्या माणसालाही बोलता आलं पाहिजे, ताई," तो म्हणायचा.

२००३च्या जानेवारीत त्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं की हा प्रोग्रॅम लोकांचे पासवर्ड चोरतो. धादांत खोटं. रेइजीनं नम्रपणे खुलासा केला. त्याखाली वीस जण धावून आले, मग दोनशे. चोर, लबाड, आईच्या जिवावर जगणारा. कुणी दुकानाचा पत्ता टाकला. दिवसभर फोन, उचलला की हसणं. न मागवलेली सुशीची ताटं दारात. रेइजीनं त्यातली एकही ओळ पुसली नाही. फेब्रुवारीत एका सकाळी तो बूट घालून बाहेर पडला. बंदरात लाटा अडवणाऱ्या भिंतीवर त्याचा चष्मा मिळाला, काड्या नीट मिटून ठेवलेला. रेइजी मिळाला नाही.

एकूण निरोप चारशे बारा. मी ते छापून ठेवलेत. मला ते पाठ आहेत.

गेल्या सप्टेंबरात सापोरोहून ओकुमुरा नावाचा गृहस्थ आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, मऊ आवाजाचा. आपल्या देशात घडलेल्या वेबचं प्रदर्शन मांडत होता आणि त्याला रेइजीचा संगणक हवा होता.

"रेइजीसान फार मोठे होते हो. लोकांना कळायला हवं."

"तो असताना कळायला हवं होतं," मी म्हटलं.

त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. आई कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण कान तिखट. म्हणाली, "दे गं. लोक बघतील तरी." म्हणून दिला.

प्रदर्शनात संगणक काचेच्या पेटीत होता. इंटरनेटची जोडणी नाही, कळफलक कुलपात. पडद्यावर फक्त तो शेवटचा मदतफळा हळूहळू सरकत राही.

चौथ्या दिवशी ओकुमुराचा फोन आला. "त्सुचिदासान, कुणी खोडी केली का कळत नाही. शेवटच्या निरोपावर नाव आलंय. 'नाव नाही' होतं तिथे."

"कुणाचं?"

"नागोयाच्या एका माणसाचं. मी चौकशी केली. असा माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या नऊ निरोपांना नावं होती. मग तीसला. खालून वर चढत होती, शेवटाकडून पहिल्याकडे. ओकुमुरा रोज मला यादी पाठवी आणि रोज तेच म्हणे, "होऊच शकत नाही. कुठल्या यंत्रावरून लिहिलंय त्याचे आकडे फळ्याच्या नोंदीत राहतात, मालकाला ते दिसतात. पण नावं? नावं त्यात कधी नव्हतीच."

तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या निरोपावर निशिवाकी होता. आमच्याच रस्त्यावर मोची, म्हणजे तांदळाची मिठाई, विकणारा. महिन्यातून दोनदा माझ्या खुर्चीत बसणारा. शनिवारी आला. मी फेस लावला, वस्तरा उघडला आणि त्याच्या कानाशी ती ओळ म्हणून दाखवली. "'असल्यांनी समुद्र जवळ करावा.' तुम्हीच ना?"

तो हलला नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "साएको, अगं किती जुनी गोष्ट... पोराच्या संगणकावर, गंमत म्हणून..."

"सुशी मागवली तीही गंमतच?"

"ती मी नव्हतो! देवाशपथ, ती मी नाही!" गालावर फेस तसाच ठेवून तो उठला आणि गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पळाला.

म्हणजे नावं खरी होती. त्या दिवशी मी इतकी संतापले होते की संध्याकाळपर्यंत वस्तरा हाती घेतला नाही. वीस वर्षं मला हेच हवं होतं. एकेकाला दारातून बाहेर ओढून विचारायचं होतं. आई मात्र रोज जेवताना एवढंच विचारी, "पहिलं कुणी लिहिलं, ते कळेल ना गं?"

"कळेल," मी म्हणायची. आणि मग मला भात जात नसे.

दोन दिवस ओकुमुराची यादी आली नाही. फोनही उचलेना. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सापोरोला गेले.

दालन रिकामं होतं. ओकुमुरा पेटीसमोर उभा होता. नावं एकसष्टपर्यंत चढली होती, आणि एकसष्टाव्या निरोपावर त्याचंच नाव होतं. 'दुकानाचा पत्ता हा घ्या. जाऊन भेटा.'

"चोवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तेव्हा सगळेच लिहीत होते, त्सुचिदासान."

"आणि आता त्याच्या नावानं हार घालताय! माझ्या दुकानात येऊन, माझ्या आईसमोर वाकून! लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच वाकलो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याचा चष्मा घरंगळत गेला. तो उचलायलाही वाकला नाही. मी ओरडतच राहिले, काय बोलले आठवत नाही. तोंडाला येईल ते.

गप्प झाले तेव्हा पडद्यावर वीसपर्यंत नावं आली होती.

मग दहा.

मग चार.

"बंद करा," मी म्हटलं.

"का?" ओकुमुरा वळला. "तुम्हाला पहिलाच हवा होता ना?"

"बंद करा म्हणते ना!"

त्यानं हात पुढे केला नाही. पहिल्या निरोपावरचं 'नाव नाही' गेलं. तिथे लिहिलं होतं, त्सुचिदा साएको.

मी नाकारलं नाही. त्या जानेवारीत रेइजीचा संगणक दिवसभर दुकानाची एकुलती फोनलाइन अडवून बसे. गिऱ्हाइकांना फोन लागत नव्हता. वडील नुकतेच गेले होते, दोन्ही खुर्च्या माझ्या गळ्यात, आणि हा वर बसून परक्यांच्या अडचणी सोडवणार. एका दुपारी तो दूध आणायला गेला असता मी त्याच्याच खुर्चीत बसले आणि पासवर्डची ती ओळ लिहिली. एक दिवस जरा टोचावं त्याला. एवढंच.

त्याच्याच यंत्रावरून.

आणि मालकाला दिसतं.

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. महिनाभर तो माझ्यासमोर बसून जेवला. मासा पुढे सरकवत होता. मिसो सूपचा वाडगा भरून देत होता.

"कळफलक काढा," मी म्हटलं. ओकुमुरानं कुलूप उघडलं.

नावाच्या चौकटीत मी माझं नाव घातलं. खाली लिहिलं: 'ठाऊक होतं तर बोलला का नाहीस? माझ्या तोंडावर का नाही ओरडलास?' मी रडत नव्हते. अजून संतापलेलीच होते. त्याच्यावर.

निरोप चारशे तेरावा म्हणून लागला.

त्याखाली चारशे चौदावा आधीच होता. नाव रेइजी. मजकूर कोरा. कोरा निरोप हा प्रोग्रॅम घेतच नाही, तसं त्यानंच लिहून ठेवलंय.

मी पान पुन्हा उघडलं. कोरी जागा एका ओळीनं वाढली होती.

पुन्हा. आणखी एक.

सातव्या वेळी तळाशी अक्षरं होती. एकही फुटलेलं नव्हतं.

'आईला सांगू का, ताई?'

मी परतीची गाडी पकडली. मुरोरानला उतरले तेव्हा चार वाजत होते, रस्त्यावर ऊन होतं. दुकानाचं दार आतून बंद होतं. मी काचेवर टकटक केली.

आई आतच उभी होती, दारापाशी. कितीतरी वेळ उभी असावी. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

मग तिनं हात वर केला आणि पडदा ओढून घेतला.