वेशीत कोण खाकरलं

भूत फक्त अमावस्येच्या रात्री निघतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. आमच्या घराला जे लागलं ते भर दुपारी लागलं. वैशाखाचं ऊन होतं आणि गावातली माणसं उभी राहून बघत होती.

मी लातूरला नोकरी करते. हे माझ्या आजीच्या आणि आईच्या बाबतीत घडलेलं आहे. आई अजून आहे. शंका असेल त्याने तिला येऊन विचारावं, ती चहासुद्धा पाजेल. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. जळकोटपासून जवळ आहे, एवढं पुरे. मालकांचे नातू अजून तिथेच राहतात, आणि मला त्यांच्याशी भांडायला वेळ नाही.

साल १९७३. बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा.

आमची वस्ती गावकुसाबाहेर. पण मोठ्या रस्त्याला लागायचं तर वेशीसमोरून जावं लागायचं. वेशीला लागून एक दगडी ओटा होता. गावचे थोरले मालक, हणमंतराव, दिवसभर त्यावर बसलेले असायचे. आमच्या वस्तीतला माणूस समोरून निघाला की ते खाकरायचे.

शिवी नाही. काठी नाही. नुसतं खाकरायचे.

तेवढ्यावर आमची माणसं पायातल्या चपला काढून हातात घ्यायची आणि ओटा मागे पडेपर्यंत अनवाणी चालायची. कायदा कधीच बदलला होता. पण कायदा दिल्लीत, आणि ओटा वेशीत.

त्या दुष्काळातच मालक वारले. आमच्या वस्तीत कुणी रडलं नाही, खोटं कशाला सांगू?

माझे आजोबा, ग्यानोबा, त्याच महिन्यात चपला घालून वेशीसमोरून निघाले. ऐटीत. ओटा रिकामा होता.

आणि त्या रिकाम्या ओट्यावरून...

कुणीतरी खाकरलं.

आजोबा थांबले नाहीत. पण थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्या चपलांचा आवाज येत नाहीये. चपला पायात आहेत, पाऊल पडतंय... आवाज नाही.

आवाज मागून येत होता. चट्... चट्... त्यांच्याच चपला घालून कुणीतरी मागून चालत होतं.

संध्याकाळी आजोबांचे पाय सुजले. ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. उदगीरचा डॉक्टर म्हणाला, पायांत काहीच दोष नाही.

तेव्हापासून सगळी वस्ती रिकाम्या ओट्यासमोर चपला हातात घेऊ लागली. जिवंत मालकाला भ्यायची नाहीत इतकी आमची माणसं मेलेल्याला भ्यायला लागली.

घर आजीवर आलं. गुणाबाई तिचं नाव. दुष्काळी कामावर ती खडी फोडायची आणि बारा वर्षांची माझी आई, सिंधु, पाट्या वाहायची. त्या मजुरीवर आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर तिघांचं पोट. पाय गेले तर काम गेलं, आणि काम गेलं तर सगळंच गेलं. आईच्या तळपायांना फोड येऊन फुटले होते. झोपेतसुद्धा ती पाय झाडायची.

बाजाराच्या दिवशी आजीने जळकोटात तिला टायरच्या चपला घेतल्या. आईच्या जन्मातल्या पहिल्या. स्वतःला घेतल्या नाहीत.

दुपारी दोघी परत आल्या. वेस दिसायला लागली. आई मुकाट्याने खाली वाकली आणि चपला काढायला लागली.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी खाकरलंसुद्धा नव्हतं.

आई सांगते, आजी म्हणायची, लेकराची ती वाकलेली पाठ बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“घाल पायात.”

“माय, बाबाचे पाय गेले की...”

“घाल म्हनते ना मी! चल म्होरं.”

दोघी निघाल्या. चट्... चट्... वारा पडलेला. कुत्रंसुद्धा सावलीला गेलेलं.

ओटा बाजूला आला...

आणि कुणीतरी खाकरलं.

आईच्या पायाखालचा आवाज गेला.

मागून आला. चट्... चट्...

“माय, भाजतंय गं!” आई किंचाळली. चपला पायात होत्या. तरी तापलेली जमीन थेट फुटलेल्या फोडांना लागत होती, पायात काही नसल्यासारखी.

अशा वेळी मागे वळून बघू नये म्हणतात. आजी वळली. रस्ता रिकामा. ओटा रिकामा. आईच्या ओरडण्याने वेशीतली माणसं तेवढी गोळा झालेली.

आजी सरळ ओट्यासमोर गेली.

“मालक, माझ्या नवऱ्याचे पाय घेतले. आता लेकराचे पायजेत व्हय? लई झालं. काय घ्यायचं ते माझं घ्या.”

आणि ती ओट्यावर चढली. मालकांच्या जागी मांडी घालून बसली.

आमच्यातल्या कुणाचा त्या दगडाला कधी हात लागला नव्हता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “गुणे, उतर खाली! मरशील!”

“मरंन की. बसून मरंन.”

मग ती आईला म्हणाली, “सिंधे, चाल. हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. तुझ्या पायातून आवाज येईस्तोवर थांबू नगं.”

आई रडत चालली. गेली, आली, पुन्हा गेली. ओट्यावर आजीचा गळा फुगायला लागला. डोळे बाहेर आले. आत काहीतरी घुसतंय आणि ती ते गिळतेय असं दिसत होतं. तोंड तिने गच्च मिटून घेतलं होतं.

मागचा आवाज अडखळला...

थांबला.

आणि आईच्या पायाखालून आला. चट्.

आई घरापर्यंत पाय आपटत पळाली. तिच्या पायांना काही झालं नाही. आजीला मात्र त्याच संध्याकाळी पहिली उबळ आली. बाईच्या गळ्यातून...

मालक खाकरले.

ओट्यावर तो आवाज पुन्हा कधी आला नाही. वस्ती चपला घालून येऊ-जाऊ लागली. आजी मरेपर्यंत खाकरत राहिली आणि औषधाला तिने हात लावला नाही. म्हणायची, “हितं हाय तेच बरं हाय. भाईर सोडलं तर पुन्ना वेशीत जाऊन बसंल.”

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात डांबरी रस्ता आला, त्यात ओटा फुटला. आई नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागली. पुढच्या वर्षी आजी गेली. तिने सांगून ठेवलं होतं, तोंड घट्ट बांधा आणि पायात चपला घालूनच पुरा.

आई तेव्हा पोटुशी होती. पोटात मी. पोटुशी बाईने मातीला जाऊ नये म्हणून लोकांनी गिल्ला केला. आई गेलीच.

आजीला खड्ड्यात ठेवलं. तोंड आईने स्वतः बांधलेलं. माती लोटणार, एवढ्यात...

खड्ड्यातून कुणीतरी खाकरलं.

पळालं कुणीच नाही. झालं ते त्याहून वाईट. खड्ड्याभोवती उभे असलेले वस्तीतले सगळे म्हातारे एकदम वाकले, आणि त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

“घाला!” आई ओरडली. “माझ्या मायनं इतकी वर्सं गिळून धरलं त्याला! घाला पायात!”

म्हाताऱ्यांनी आधी खड्ड्याकडे बघितलं. पण घातल्या. मग माती लोटली आणि चपलांच्या पायांनीच तुडवून घट्ट केली.

आज माझी लेक लातूरच्या दुकानात बूट निवडायला अख्खी दुपार घालवते. रंग आवडला नाही म्हणून परत देते. मी तिला एका शब्दाने बोलत नाही. निवडू दे.

पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. मालकांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचा आवाज ऐकला असेल तर फक्त आईच्या पोटातून. तरीही कचेरीत, लग्नात, एसटीत एखादा म्हातारा घसा साफ करतो...

आणि माझ्या पायाची बोटं चपलेत आकसतात. टाच आपोआप वर उचलली जाते.

मी चपला काढत नाही. पाय दाबून धरते आणि मुद्दाम आवाज करत चालते. बोटं मात्र अजून माझं ऐकत नाहीत.