पलीकडचं टोक

लियाओसाहेबांनी सांगितलेलं काम साधं होतं. दीड वाजता जुना सर्व्हर कायमचा बंद करायचा. त्याआधी मेइ-यूनने एकदा पाहून ‘यावर आता काही चालत नाही’ एवढं लिहून द्यायचं.

‘आधी डुलकी काढ, मग बघ,’ ते म्हणाले. ‘मेलेलं मशीन कुठं पळून जातंय!’ आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मेइ-यूनचा नवरा पो-शुन जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले होते. त्या मशीनवरचं अर्धं काम त्याच्या हातचं होतं.

साडेबाराला रोजच्यासारखे ऑफिसातले दिवे मालवले. पडदे ओढले गेले. चाळीस माणसं टेबलावर डोकं टेकून झोपली. गरम केलेल्या डब्यांचा, सोयाचा वास हवेत अडकून राहिला होता. सर्व्हरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, इथल्या समजुतीप्रमाणे मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. तारीख उलटली की पाकिटाचा गुण संपतो, आणि याची उलटून गेली होती. पाकीट बदलायचं काम पो-शुनचं असायचं.

शहरातल्या बसथांब्यांवरच्या पाट्या विचारायच्या, पुढची बस किती मिनिटांत? तो प्रश्न पुढे पाठवणारा प्रोग्राम मेइ-यूनचा, उत्तर देणारा पो-शुनचा. मध्ये दोन पाइप. एकातून प्रश्न जायचा, दुसऱ्यातून उत्तर यायचं. या पाइपची रीत फोनसारखी. पलीकडच्या टोकाला कुणी आलं नाही, तर अलीकडचा नुसता थांबून राहतो.

पो-शुनचा प्रोग्राम महिन्यापूर्वीच थांबवला होता. म्हणजे तिचा प्रोग्राम पहिल्याच प्रश्नावर अडकून पडायला हवा होता. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. एखाददुसऱ्या जुन्या पाटीचे प्रश्न अजून येत होते, आणि रोज पुढे जात होते. पलीकडून कुणीतरी ते घेत होतं.

पाइप कुणी धरून ठेवलाय, ते तिने तपासलं. कुणीच नाही. तिने पाइप पुसून त्याच नावाचा नवा केला आणि त्यात एक शब्द टाकला. शब्द क्षणात गेला.

शेजारच्या टेबलावर तंगने एक डोळा उघडला. तो तिच्याच बरोबर नोकरीला लागलेला.

‘मेइ-यून, झोप ना गं. आज तरी.’

‘या पाइपचं दुसरं टोक तू उघडलंयस?’ तिने कुजबुजत विचारलं.

‘मी? मी स्वप्नात चांगला नूडल्स खात होतो. तूच मोडलंस.’

‘मग पलीकडे कोण आहे?’

‘कुणी नसेल...’

‘कुणी नसतं तर अडकलं असतं, तंग.’

तंगने डोकं उचलून पाकिटाकडे पाहिलं. ‘तारीख संपलीय त्याची...’ एवढंच पुटपुटून त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

गेला त्या दिवशी पो-शुन अंगात कणकण म्हणून घरी होता. त्याचा फोन याच वेळेला आला होता. टेबलावर फोन थरथरला. झोपलेली माणसं जागी होतील म्हणून तिने तो बंद केला. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तो काय सांगणार होता, हा प्रश्न घेऊन ती एकोणपन्नास दिवस झोपत आणि उठत होती.

तिने टाइप केलं, ‘काय सांगायचं होतं?’

तेही क्षणात गेलं.

मग उत्तराच्या पाइपचं टोक तिने उघडलं. ते अडकायला हवं होतं. ते उघडलं. म्हणजे पलीकडे आत्ता कुणीतरी होतं. अक्षर मात्र एकही येईना. पलीकडचं टोक बंदही होईना. पो-शुनची बोलण्याआधी खूप वेळ गप्प राहायची सवय तिला ठाऊक होती. ती स्क्रीनसमोर श्वास रोखून बसली.

आणि तिला सकाळ आठवली. सातव्या सातव्याचा, म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘आज तो जाईल. रडू नकोस, हाक मारू नकोस. त्याने वळून पाहिलं तर वाट चुकेल गं माझा पोरगा...’

तिने हाक मारली होती. आणि तो जायचा सोडून थांबला होता.

‘जा,’ ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. ‘जा आता... नसलं सांगायचं तर नको सांगूस.’ दोन कळा दाबून तिने आपलं टोक बंद केलं. बारा वाजून बावन्न मिनिटं, सात सेकंद.

लिहून द्यायचं होतं, म्हणून तिने शेवटची नोंदवही उघडली. पो-शुनच्या प्रोग्रामची. महिनाभर त्यात काही नव्हतं. आता तळाशी एक ओळ होती. विचारणारा उत्तर न घेताच निघून गेला, तर लिहायची म्हणून त्यानेच कधीकाळी ठरवलेली ओळ.

१२:५२:०८. उत्तर तयार आहे. ऐकणारं कुणी नाही.

तिने घाईघाईने उत्तराचा पाइप पुन्हा उघडायला घेतला. या वेळी तो अडकला. ती थांबली. तो उघडेना. नोंदवहीत मात्र दर सेकंदाला, तीच ओळ, खाली खाली येत राहिली.