त्यागीजींचा दिवाण

"पेटी आलीच नाही म्हणजे? मग गेली कुठं?" नचिकेत वाचनालयाच्या दारातच ओरडला.

"हळू, यार! आत चल, पुन्हा विचारू," भक्ती म्हणाली.

दिल्लीच्या छावणीजवळच्या त्या सार्वजनिक वाचनालयात भक्ती, तिच्या वर्गातला नचिकेत आणि त्याची धाकटी बहीण रेवती रोज खेटे घालत होती. शाळेच्या ग्रंथपाल देवयानी मॅडमनी सांगितलं होतं, "सुट्टीत शाळा बंद. म्हणून आपली पुस्तकं पेटीत भरून वाचनालयात पाठवली आहेत. तिथं जाऊन वाचा!" आणि वाचनालय सांभाळणारे त्यागीजी रोज म्हणत, "बेटा, स्कूल से कुछ नहीं आया." मुलांनी मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "पोचली असेल रे, नीट बघा!" एकमेकांना एक फोन करायला मात्र या दोन मोठ्या माणसांना सवड नव्हती.

भक्तीचा सगळा जीव त्या पेटीत अडकला होता. तिचे पप्पा सरहद्दीवर. दर रविवारी त्यांचा फोन आला की ती त्यांना बर्फात हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट वाचून दाखवायची. सुट्टी लागली आणि पुस्तक अर्ध्यातच शाळेत जमा झालं. आता पप्पा विचारायचे, "कुत्रं आलं का गं घरी?" ती विषय बदलायची. क्वार्टर्समधली मुलं गावी गेलेली, त्यात ही तिची तिसरी शाळा. तिला फार फार एकटं वाटायचं.

आजही त्यागीजींनी मान हलवली. भक्ती हिरमुसून कूलरसमोरच्या दिवाणाच्या कडेला टेकली. शेजारी तीन आजोबा पेपर वाचत ऐसपैस बसले होते. तिची टाच मागं आपटली. ठण्ण!

भक्ती ताडकन उठली. "नचिकेत, हा दिवाण नाही, ट्रंक आहे!"

"काहीही!"

"अरे, आमच्या घरी असाच आहे! ट्रंकेवर गादी, गादीवर चादर. सगळे फौजी असंच करतात."

"अंकलजी, ज़रा उठेंगे?" नचिकेतनं विचारलं.

"पहले अख़बार तो पढ़ने दो!"

रेवतीनं चाकांचा कूलर गर्रकन दुसऱ्या भिंतीकडे फिरवला. दिल्लीचा जून तो! पुढच्याच मिनिटाला तिन्ही आजोबा पेपरांसकट त्या भिंतीपाशी!

मुलांनी चादर-गादी उचलली. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव! कडीची तार सोडली, तर आत गच्च पुस्तकं.

त्यागीजींनी कपाळावर हात मारला. "पेटी आई तब मैं छुट्टी पर था! किसी ने गद्दा डाल दिया, और मैं भी रोज़ इसी पर बैठता रहा!"

मुलांनी फोन करताच देवयानी मॅडम धावत आल्या. "चूक माझीही आहे. पाठवली, पण पोचली का ते विचारलं नाही," त्या म्हणाल्या. तिथंच ठरलं, की शाळेचं कार्ड वाचनालयात वर्षभर चालेल आणि ट्रंकेतली पुस्तकं दर महिन्याला बदलतील. "शाबास, पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. "आम्ही पुस्तकांवर बसून राहिलो आणि तुम्ही ती शोधलीत!"

रविवारी संध्याकाळी नचिकेत आणि रेवती भक्तीच्या घरी आली. ती पुस्तक मांडीवर घेऊन फोनपाशी बसली होती.

"सांग ना, कुत्रं येतं का घरी?" रेवतीनं विचारलं.

"माहीत नाही. पप्पांना नेटवर्क नाहीये. फोन आला की आम्ही दोघं मिळून वाचणार."

नचिकेत तिच्या शेजारी, गादी घातलेल्या ट्रंकेवर बसला. "मग आम्हीही थांबतो."

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी तिघंही ट्रंकेवर बसून वाट पाहत होती.