थोरल्याची टाकी हलवली तेव्हा

बसा निवांत. घाईत असाल तर राहू द्या, कारण मी मधलं काही गाळणार नाही.

मी माशांच्या टाक्या हलवते. लोक घर बदलतात तेव्हा कपाटाला माणूस मिळतो, पलंगाला मिळतो, टाकीला मिळत नाही. हमाल म्हणतो पाण्याचं काम आमचं नाही. दुकानदार म्हणतो जुने मासे देऊन टाका, नवे घ्या. मग फोन मला येतो. धंदा मूळचा नवऱ्याचा. त्याची कंबर धरली, तो घरी बसला आणि टेम्पोची किल्ली मी उचलली. शिक्षण चौथी. पण टाकीवर वाकून एकदा वास घेतला की पाणी कसं आहे ते सांगते, आणि मशीन लावून बघणारे नंतर तेच सांगतात. एकोणीस वर्षांत माझ्या हातून वाटेत एक मासा गेलेला नाही. हे मी तोंडावर सांगते. नम्रपणा ज्यांना परवडतो त्यांनी करावा.

जोडीला नणंद असते. तिला सगळे बारकी म्हणतात. ती दारात उभी राहिली की मागचा उजेड दिसत नाही, पण पाळण्यात पडलेलं नाव आता कोण बदलणार? तोंडाची फटकळ, हाताची हलकी. चार फुटी काच तिच्याबरोबर उचलायला मला कधी भीती वाटली नाही.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो शाळेतल्या एका बाईंचा. वडील जाऊन चार महिने झाले होते. आईला त्या आपल्या घरी नेणार होत्या आणि जुनं घर संध्याकाळपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं.

“चार फुटी टाकी आहे, ताई. मासा एकच, पण मोठा आहे. ऑस्कर जातीचा. चौदा वर्षांचा.”

“चौदा? बाई, माशाचं सांगताय की वर्गातल्या पोराचं?”

त्या हसल्या नाहीत. “दोघांनी नाही म्हटलं. म्हणाले, इतका म्हातारा मासा वाटेतच जाईल. आणि तो गेला ना... तर माझी आई जाईल.”

मग सांगितलं. वडील त्या माशाला थोरला म्हणायचे, घरातला मोठा मुलगा असल्यासारखं. टाकीतून हात काढला की तो पुसायला आई टॉवेल घेऊन उभी असायची. वडील गेले तशी आईची वाचा बंद झाली. दिवसभर टाकीसमोर खुर्चीत बसून असायची. थोरल्यानं खाल्लं की ती चार घास खायची. त्यानं तोंड फिरवलं की तिचं ताट जसंच्या तसं परत.

“दुपारी येते,” मी म्हटलं. “मासा जाणार नाही. तुमची आई पण जाणार नाही. जुनं पाणी फेकू नका.”

घर ओकंबोकं झालं होतं. भिंतीवर कपाटांच्या जागा तेवढ्या उजळ. मधोमध टाकी, समोर खुर्ची, खुर्चीत बाईंची आई, काकू. उजवा हात आजारपणात वाकडा झालेला, मांडीवर पडून होता. डाव्याला कंप, पेलासुद्धा धरता येत नव्हता. आत थोरला. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, काळा, अंगावर विझत्या निखाऱ्यासारखे पट्टे. एका जागी उभा होता.

मी आधी काच बघते. माणसाची नखं बघावीत तशी. त्या काचेवर शेवाळाचा ठिपका नव्हता. खडे हिरवे, फिल्टरची नळी हिरवी, हीटरवर लव आलेली. आणि काच लख्ख. कोपऱ्यातसुद्धा, बोट घालून निपटल्यासारखी.

“काच कोण पुसतं?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “मी फक्त दाणे टाकते. का? पुसावी लागते का?”

बारकी फिसकन हसली. “तुमच्या शाळेत फळा आपोआप कोरा होतो वाटतं!”

मला तेव्हा भीती नाही वाटली. राग आला. एकोणीस वर्षांत माझ्या हातून कोपरा इतका स्वच्छ निघालेला नाही. कुणीतरी माझ्याहून बरं काम करतंय, आणि नाव सांगत नाही, असं वाटलं. बाई खोटं बोलतायत अशी गाठ मी मनात मारून टाकली.

कामाला लागले. वायरी काढल्या. फिल्टरचा स्पंज जुन्याच पाण्यात पिशवीत घातला. तो नळाखाली धुतला की टाकी मेली, इतकं लक्षात ठेवा. पाणी साफ ठेवणारं जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं त्यात राहतं. थोरल्यापुरतं ठेवून वरचं चांगलं पाणी पिंपांत भरलं. तळाचं गढूळ बादलीत काढलं आणि न्हाणीघरात ओतायला निघाले.

मागून आवाज आला. गंजलेली कडी सरकावी तसा.

“त्यांना विचारलंस का?”

बाईंच्या हातातून टॉवेल खाली पडला. चार महिन्यांत काकू पहिल्यांदा बोलल्या होत्या. आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. टाकीच्या डाव्या अंगाला, जिथे कुणी उभं नव्हतं, तिकडे बघत होत्या.

“आई... कुणाला विचारायचं?” बाई गुडघ्यावर बसल्या.

काकूंनी ओठ मिटले ते मिटले.

आता तिथं शहाण्या बाईनं गप्प बसायचं. पण मी म्हटलं, “काकू, हे माझं काम आहे. माझ्या कामात मी कुणाला विचारत नाही.” आणि बादली ओतली.

थोरल्याला जाळ्यानं धरत नाहीत, पंख अडकतात. पाण्यातच पिशवी पसरायची, हातानं हळू आत ढकलायचं आणि तसंच उचलून पिंपात सोडायचं. नवा हात बघितला की मासा धडका मारतो. हा हलला नाही. माझ्या खांद्याच्या वर, मागे, कुठंतरी बघत राहिला. मी मागे वळून बघितलं. भिंत होती.

“वहिनी, भिंतीवर काय आहे?” बारकीनं विचारलं.

“तुझं डोकं आहे. पिंपाचं झाकण आण.”

या सगळ्या चिडीत माझी एक चूक झाली. आपली चूक आपणच सांगितलेली बरी. माशाच्या पिंपाला सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप लावतो. प्रत्येक खेपेला नवे सेल घालायचे, हा माझाच नियम. त्या दिवशी डोक्यात ती काच होती. जुनेच सेल राहिले.

रस्त्यात अर्धा तास गाड्या हलेनात. नव्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तीन मजले जिन्यानं टाकी चढवली, स्टँड लावलं, थर्मोकोल अंथरलं, खडे घातले, जुन्या पाण्यात नवं मिसळलं, हाताला कोमट लागेपर्यंत थांबले. काकूंना बाईंनी आधीच आणून बसवलं होतं, तशीच समोर खुर्ची. माशाला उजेडाचा धसका बसू नये म्हणून पडदे ओढले, दिवे बंद ठेवले. मग पिंपाचं झाकण उघडलं.

पंपाची घरघर नव्हती. थोरला आडवा तरंगत होता.

मी त्याला दोन्ही हातांनी उचलून टाकीत सोडला. तो पानासारखा गिरक्या खात तळाला गेला आणि कुशीवर पडला. कल्ला हलला... थांबला. बऱ्याच वेळानं परत हलला. अंगावरचे पट्टे राखेसारखे झाले होते.

आईच्या मागे उभ्या राहून बाईंनी तिचे डोळे झाकायला हात पुढे नेला. काकूंनी तो हात बाजूला केला.

अशा वेळी एकच इलाज असतो. माशाला तळहातावर सरळ धरायचं, बुडबुड्यांच्या तोंडाशी न्यायचं आणि हळूहळू पुढेमागे करायचं, म्हणजे पाणी कल्ल्यातून जात राहतं. किती वेळ? त्याला यायचं असेल तितका वेळ. मी बाही वर केली, उजवा हात खांद्यापर्यंत घातला. डाव्या हातात बॅटरी, तिच्यावर कापड, म्हणजे कल्ला दिसावा. बारकी टाकीच्या दुसऱ्या अंगाला टॉवेल घेऊन उभी राहिली. टाकी भरून झाली की पाण्याच्या रेघेवर बाहेरून मी चिकटपट्टी लावते, गळती असली तर कळते. हात घातला तशी रेघ पट्टीच्या काडीभर वर चढली. तेवढी चढतेच.

पुढे... मागे. पुढे... मागे.

पाऊण तास गेला असेल. खोलीत बुडबुड्यांशिवाय आवाज नव्हता. जुन्या पाण्याचा ओल्या मातीसारखा वास दाटला होता. हात आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा आहे की नाही हेच कळेना. बोटं मिटेनात. थोरला हातातून घसरायला लागला आणि कल्ला आता हलतच नव्हता. समोर काकूंचे डोळे. मला दिसत होतं, तो गेला की हे डोळे पण मिटणार. माझ्या जुन्या सेलांपायी.

मी आयुष्यात कुणाला हात पसरून काही मागितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. पण त्या अंधारात माझ्या तोंडून आपोआप आलं, अगदी हळू.

“धरा जरा... माझा हात भरून आलाय.”

कुणाला म्हटलं, मला विचारू नका.

थोरला घसरायचा थांबला.

मी बोटं सैल केली. तो खाली गेला नाही. हात थोडा बाजूला घेतला. तो सरळच. पंख मिटलेले, शेपूट मेल्यासारखी, आणि तरी बुडबुड्यांच्या तोंडाशी तो हळूहळू... पुढे जात होता... मागे येत होता.

मी हात बाहेर काढला. बारकीनं सवयीनं पुसला. ओल्या हातानं विजेच्या पिनेला शिवायचं नाही म्हणून ती पाण्यातून आलेला हात न बघता पुसते, वर्षानुवर्षं. मी खाली बसले आणि बॅटरी चिकटपट्टीवर धरली.

पाणी उतरलं नव्हतं. माझा हात बाहेर होता, आणि रेघ काडीभर वरच होती.

मी हललेच नाही. गुडघे टेकून त्या रेघेकडे बघत राहिले. अंगावर काटा होता, आणि खरं सांगू? त्याच्याखाली दुसरंच काही होतं. मी बघत होते ते धरणं. अंगठा कल्ल्याखाली न दाबणारं, पोटाला भार न देणारं. माझंच काम, पण माझ्याहून सफाईदार. ती काच कुणी पुसली ते मला तेव्हा कळलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. अशा माणसाच्या मालावर मी हात घातला होता आणि त्यानं मला पाऊण तास एकटीला करू दिलं होतं. मध्ये पडला नव्हता. मी मागितल्यावरच पुढे झाला.

दहा मिनिटं गेली असतील. कल्ला एकदा उघडला. परत उघडला. मग लागोपाठ. पट्ट्यांत परत निखारा फुलला. थोरल्यानं शेपटीचा असा फटका मारला की पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि खाली जाऊन चारी बाजू बघत उभा राहिला, भाडेकरूनं खोली बघावी तसा. त्याच दमात पाण्याची रेघ खाली सरकली आणि पट्टीला येऊन थांबली.

काकू म्हणाल्या, “झालं?”

मी म्हटलं, “झालं, काकू.”

“मग वाढ गं,” त्या मुलीला म्हणाल्या. “सकाळपासून उपाशी ठेवलंस.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून रडण्याचा आणि भांड्यांचा आवाज एकदमच यायला लागला. निघताना दारात त्यांनी माझे हात धरले. मी म्हटलं, “राहू द्या. तीन दिवस दाणे कमी टाका. आणि काच पुसू नका. तुम्हाला जमणार नाही.”

खाली उतरले तेव्हा माझी छाती टेम्पोच्या दारात मावत नव्हती. शाळेत मला कधी कुणी शाबास म्हटलं नाही. आज एका जाणकारानं माझ्या शेजारी उभं राहून माझं काम उचललं होतं. याच्यापेक्षा मोठी पाठ थोपटणं असतं का?

बारकी गप्प होती. ही बाई झोपेतही बोलते.

“काय गं? घाबरलीस?”

“वहिनी... तू हात किती वेळा काढलास?”

“एकदाच. का?”

ती मांडीवरच्या टॉवेलकडे बघत होती. “मी दोनदा पुसला.”

मी गाडी कडेला घेतली.

“एकदा तुझा उजवा,” ती म्हणाली. “मग तू खाली बसलीस. नंतर त्यानं शेपूट मारली ना... तेव्हा कडेवरून परत हात आला. मी बघितलं नाही, आपली पुसायला लागले. वाटलं, तू डावा पण घातला असशील.”

“डाव्या हातात बॅटरी होती माझ्या.”

“ते मला आता आठवलं.”

मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी विचारलं, “गार होता?”

“नाही गं. कोमट. टाकीतल्या पाण्याइतका.” तिनं टॉवेलची घडी उलगडली, परत घातली. “आणि वहिनी... तुझा हात मलाच उलटा करून पुसावा लागतो. तू कधी करत नाहीस. त्यानं... एक बाजू झाल्यावर आपणहून उलटा केला.”